पिच्चर कुणाचा?

आमच्या आजीला राजदत्त हे नाव शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांचे पिच्चर मात्र तोंडपाठ. पिंपळगाव रेणुकाईत तिच्या पिढीच्या हिशेबी पिच्चर रंजनाचा असायचा, नाहीतर निळू फुल्यांचा. त्यामागे दिग्दर्शक नावाचा कुणी माणूस असतो, हे त्या बायांना सांगायला कोण गेलं होतं?

जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. बायका एका अंगाला, गडी दुसऱ्या. बसायला घरून आणलेलं पोतं. मामा सांगतात, पैसे कमी पडले की पोरं पडद्यामागच्या बाजूला बसत. तिकडून पाट्या उलट्या दिसत. वाचताच येत नव्हतं त्यांचं काहीच अडत नसे. ‘देवकीनंदन गोपाला’ त्यांनी तिकडूनच पाहिला. श्रीराम लागूंचा गाडगेबाबा आला तेव्हा म्हाताऱ्यांनी हात जोडले होते.

‘अरे संसार संसार’ आला १९८१ साली. त्याच वर्षी १ मे रोजी आमचा भोकरदन तालुका औरंगाबादेतून निघून नव्या जालना जिल्ह्यात आला. पडद्यावर रंजनाची शेतकरीण राबत होती आणि आजी बहात्तरच्या दुष्काळात परतली होती. तिनं तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. हप्त्याचे पैसे मिळेपर्यंत पोरांना सुकडीवर ठेवलं होतं. ती सांगायची, “मी रडू राहिले, अन् शेजारची बी रडू राहिली. ह्या मानसानं आमची खडी कव्हा पाहिली गं?”

त्या माणसाचं मूळ नाव दत्तात्रय अंबादास मायाळू. जन्म १९३२चा, मुलुख विदर्भाचा. आधी पत्रकारी केली, मग राजा परांजपे यांच्या हाताखाली उमेदवारी. पहिला स्वतंत्र चित्रपट ‘मधुचंद्र’, १९६७चा. पुढे वेठबिगारीवरचा ‘शापित’ (अरविंद देशपांडे यांच्यासह), हुंडाबळीवरचा ‘पुढचं पाऊल’ आणि ‘सर्जा’. तिन्हींना राष्ट्रीय पुरस्कार. मला विचाराल तर पुरस्कारांपेक्षा त्यांची सबुरी मोठी. माणूस दुःखात असला की कॅमेरा त्याच्या अंगावर धावून जात नाही.

गावात टीव्ही आला तो ब्लॅक अँड व्हाइट. अँटेना बांबूला बांधून म्हैसमाळच्या दिशेला. एक जण पत्र्यावर चढून बांबू फिरवायचा, खालून दहा जण ओरडायचे, “आलं, आलं... गेलं!” वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडायची. मिरच्यांची तोडणी चालू असायची त्या दिवसांत बाया हाताची आग शमवायला तेल चोळत ओट्यावर बसत आणि दारातूनच बघत.

नव्वदच्या आसपास पडद्यावरच्या मुंग्यांमधून ‘गोट्या’ ही मालिका दिसली. ना. धों. ताम्हनकरांचं पुस्तक, गोट्या झालेला जॉय घाणेकर आणि दिग्दर्शक पुन्हा राजदत्त. शीर्षकगीत मधुकर आरकडे यांचं, चाल अशोक पत्कींची. गाणं बी रुजण्याचं. मिरचीची रोपं गादीवाफ्यावर वाढवणाऱ्या गावाला ते वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. पोरक्या गोट्यावर कुणी डाफरलं की ओट्यावरून शिव्या सुटायच्या. टीव्हीचा पडदा वीतभर, पण तंबूतल्या पडद्यावर जमलेली सबुरी राजदत्तांनी तिथंही सोडली नाही. मालिका म्हटली की दर दोन मिनिटांनी धक्का द्यायची खोड पुढे लागली. ‘गोट्या’त पोरगं नुसतं विचार करत बसलेलंही चालायचं.

२०२४ साली राजदत्तांना पद्मभूषण जाहीर झालं. मी मामांना सांगितलं.

“कोन राजदत्त?”

‘गोट्या’ म्हटलं, तर नुसती मान हलवली. गाडगेबाबांचा पिच्चर म्हटलं, तर सावरून बसले. ‘भालू’चं नाव काढलं तेव्हा सगळा चेहरा फुलला. “अरे, तो कुत्र्याचा! कसलं काळंभोर कुतरं होतं!”

मामी आतून म्हणाल्या, “काळं नव्हतं, तांबूस होतं. तुमी पडद्याच्या मागं बसलेले, तुमाला काय दिसनार?”

“मागून पाट्या उलट्या दिसत्यात,” मामा म्हणाले, “रंग नाई उलटत.”