खवल्याची चमक आणि नत्राची बचत

आपलं नशिराबाद कुठे आणि समुद्र कुठे! तरी आज समुद्रातल्या एका बचतीची गोष्ट सांगते.

मासा साफ करताना खवले हाताला चिकटतात आणि चांदीसारखे चमकतात. ही चमक ग्वानीन नावाच्या पदार्थाच्या पातळ स्फटिकांची. ते थरावर थर रचलेले असतात, म्हणून आरशासारखा उजेड परत फिरवतात. 17 व्या शतकात पॅरिसच्या कारागिरांनी हीच चमक काचेच्या पोकळ मण्यांत आतून लावून खोटे मोती बनवले.

या पदार्थाला नाव मिळालं ते मात्र खतावरून. पेरू देशाजवळच्या चिंचा बेटांवर (आपल्या चिंचेशी त्यांचा संबंध नाही) समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साचले होते. त्या खताला ग्वानो म्हणतात. 1840 नंतर ते जहाजं भरभरून युरोपात जाऊ लागलं. खोदायला करारावर आणलेले चिनी मजूर होते, त्यांचे फार हाल झाले. 1844 मध्ये उंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्वानोतून ग्वानीन वेगळं काढलं. पिढ्यान्‌पिढ्या साचलेले ते डोंगर माणसाने काही दशकांतच उपसून संपवले.

ग्वानीनमध्ये भरपूर नत्र असतं. समुद्रातल्या कितीतरी एकपेशीय शैवालांच्या पोटातही असेच चमकणारे स्फटिक दिसतात. 2020 मध्ये प्रागच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा नत्राचा साठा आहे. नत्र मिळालं की पेशी ते स्फटिक करून ठेवते, टंचाई आली की त्यातूनच खर्च करते. म्हणजे आपला बचत गटच! काही स्फटिक पेशीत उजेड पसरवायला मदत करत असावेत, असाही अंदाज आहे.

प्रवाळाच्या आत राहणाऱ्या शैवालांतही हे स्फटिक असतात. आपल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. शैवाल प्रवाळाला अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि पुष्कळदा उपाशी मरतं.

आता आपलं काय? केळीला, कपाशीला युरिया जास्त पडला तर पिकाला न लागलेलं नत्र पावसाबरोबर वाहतं. नाल्यातून वाघूर, वाघूरमधून तापी आणि तापीतून थेट अरबी समुद्र. म्हणजे समुद्र आपल्या बांधापासूनच सुरू होतो. तेव्हा बायांनो, माती तपासून घेऊ, पिकाला लागेल तेवढाच युरिया टाकू आणि उरलेली गोणी तोंड बांधून पुढच्या पाळीला ठेवू.