फ्रेमवरची चार बाइटांची चिठ्ठी : व्हीलॅनचा इतिहास

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजे एम्समधील, सर्व्हर बंद पडले. रुग्णनोंदणी, भेटीच्या वेळा, दाखल करून घेणे, घरी सोडणे हे सारे सुमारे दोन आठवडे कागदावर आले. पाच सर्व्हर बाधित झाले आणि जवळपास १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध होऊन हाताबाहेर गेली. डिसेंबरमध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरात सरकारने प्राथमिक विश्लेषणाच्या आधारे एक कारण नोंदवले : नेटवर्कचे अयोग्य विभाजन. चर्चा मात्र खंडणीची आणि हल्लेखोरांच्या देशाची झाली. नेटवर्कचे विभाजन करण्याचे सर्वांत रुळलेले साधन म्हणजे व्हीलॅन, अर्थात आभासी स्थानिक जाल. या साधनाचा उगम सुरक्षेच्या चिंतेत नाही. तो दूरध्वनीच्या हिशेबात आहे.

इथरनेटची कल्पना २२ मे १९७३ च्या एका टिपणात प्रथम मांडली गेली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ते लिहिले, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ते प्रत्यक्षात आणले. हवाई विद्यापीठातील अलोहानेट या रेडिओ-जालाची प्रेरणा त्यामागे होती. १८८७ च्या मायकेलसन-मोर्ली प्रयोगानंतर भौतिकशास्त्रातून हळूहळू हद्दपार झालेला 'इथर' असा अभियांत्रिकीत पुन्हा नांदू लागला. नावही समर्पक होते. एकच केबल सर्व यंत्रांमधून जाई, आणि एकाने पाठवलेली प्रत्येक फ्रेम सर्वांपर्यंत पोहोचे. जिची तिने उचलायची, इतरांनी दुर्लक्ष करायचे, एवढाच शिष्टाचार. ज्या इमारतीत सारे सहकारीच होते, तिथे याहून अधिक कशाची गरजही नव्हती.

डेव्हिड सिन्कॉस्की यांना या केबलवरून आवाज न्यायचा होता. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी इथरनेटवर दूरध्वनीचे प्रयोग केले आणि पुढे ते बेलकोर या दूरसंचार संशोधनसंस्थेत आले. अडचण साध्या भागाकाराने कळते. एका दिशेच्या आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, म्हणजे दुतर्फा संभाषणाला १२८. सर्वांमध्ये मिळून १० मेगाबिट क्षमतेच्या इथरनेटवर, इतर सर्व खर्च शून्य मानला तरी, एका वेळी ७८ संभाषणे बसतात. एवढ्यावर शहराचे दूरध्वनी चालत नाहीत. तेव्हा अनेक इथरनेट जोडणे आले, आणि जोडणीच्या जागी कोणते यंत्र कोणत्या बाजूला आहे हे स्वतःच शिकून घेणारा स्विच आला.

स्विच जोडताना नवा धोका उभा राहिला. एक तार तुटली तर दुसरी असावी म्हणून दोन वाटा ठेवाव्यात, तर फ्रेम वर्तुळात फिरत राहते आणि जाल क्षणात गुदमरते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर सुरेख तोडगा काढला : स्विचांनी आपसांत बोलून काही दुवे तात्पुरते मिटवायचे, म्हणजे जालाचे रूप झाडासारखे उरते आणि वर्तुळ संभवत नाही. परंतु झाडात बहुतेक वाटा बुंध्यापाशी एकवटतात. सिन्कॉस्की यांना नेमकी तिथेच कोंडी दिसली. त्यांनी आणि चेस कॉटन यांनी जानेवारी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात एकाऐवजी अनेक झाडे सुचवली. प्रत्येक फ्रेमवर एक खूण लावायची, समजा लाल, हिरवी वा निळी. प्रत्येक रंगाचे झाड वेगळे, त्यामुळे भार वाटला जातो. व्हीलॅनचे बीज ते हेच. रंग होते रहदारी वाटण्यासाठी. कोणाला कोणापासून लपवण्यासाठी नव्हेत.

बाजारात बहुपोर्टी इथरनेट स्विच आणणाऱ्या पहिल्या कंपनीचे नाव होते कल्पना. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. नाव त्यांच्या पत्नीचे. सात पोर्टांचा तो स्विच १९९० च्या सुमारास आला आणि १९९४ मध्ये सिस्कोने कंपनी विकत घेतली. स्विच स्वस्त होत गेले तसे संपूर्ण कार्यालय एकाच जालात येऊ लागले, आणि 'हा पत्ता कोणाचा?' अशी सर्वांना उद्देशून मारलेली हाक शेकडो यंत्रांना ऐकू जाऊ लागली. लेखाविभागाची हाक लेखाविभागातच राहावी, या इच्छेतून रंगांना दुसरे काम मिळाले. प्रत्येक उत्पादकाची खूण निराळी होती. सिस्कोची पद्धत प्रत्येक फ्रेमला ३० बाइटांचे वेष्टन घालत असे. १९९८ च्या ८०२.१क्यू मानकाने तो गोंधळ मिटवला. त्याने ठरवलेली चिठ्ठी फक्त चार बाइटांची. त्यांतील १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी, म्हणून ४,०९६ शक्यता; पहिली आणि शेवटची राखीव, उरतात ४,०९४.

सुरक्षेची जबाबदारी या चिठ्ठीवर हळूहळू, कोणी ठरवून न देता, येऊन पडली. मूळ आखणीत मात्र परस्परविश्वास गृहीत होता, आणि त्याचे अवशेष अजून सापडतात. मानकानुसार पोर्टचा आरंभीचा व्हीलॅन क्रमांक १ असतो. स्विचलाही स्वतःचा पत्ता लागतो, कारण अभियंता त्यावरूनच त्याची मांडणी बदलतो. तो पत्ताही अनेक स्विचांवर क्रमांक १ मध्येच दिला जाई. परिणामी स्वागतकक्षातील संगणक आणि साऱ्या इमारतीच्या जालाची किल्ली एकाच खोलीत. त्यात टेलनेटवरून पाठवलेला संकेतशब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जाई.

दुसरा अवशेष अधिक चमत्कारिक आहे. दोन स्विचांमधील सामाईक दुव्यावर, म्हणजे ट्रंकवर, एका व्हीलॅनच्या फ्रेम चिठ्ठीविना जाऊ शकतात. जुन्या यंत्रांसाठी ठेवलेली ही सवलत. त्याच व्हीलॅनमधील एखाद्याने मुद्दाम दोन चिठ्ठ्या लावलेली फ्रेम पाठवली, तर पहिला स्विच बाहेरची चिठ्ठी प्रामाणिकपणे काढून टाकतो आणि दुसरा स्विच आतली खरी मानतो. फ्रेम न विचारता भलत्याच व्हीलॅनमध्ये पोहोचते. उत्तर मिळत नाही, पण अपाय करायला एकतर्फी वाट पुरते.

म्हणून जाणता अभियंता व्यवस्थापनासाठी निराळा क्रमांक ठेवतो, स्विचचा पत्ता तिथे हलवतो, टेलनेट बंद करून एसएसएच चालू करतो, चिठ्ठीविना जाणाऱ्या फ्रेमसाठी कोणीच न वापरणारा क्रमांक नेमतो आणि ट्रंकवरून लागतील तेवढेच व्हीलॅन जाऊ देतो. तरीही खरी परीक्षा पुढे असते. वेगळ्या व्हीलॅनना एकमेकांशी बोलायचे तर राउटर लागतो, आणि त्यावर कोणी कोणाशी बोलावे याचे नियम लिहिलेले नसतील, तर कागदावर पन्नास व्हीलॅन असूनही जाल एकच राहते. हे नियम लिहिणे कंटाळवाणे आणि वेळखाऊ असते. प्रत्येक विभागाला विचारावे लागते, आणि चुकले तर काम अडते. ते राहून जाते ते बहुधा याच कारणाने. अज्ञान हे कारण क्वचितच.

भारतात अर्नेटची सुरुवात १९८६ मध्ये झाली, तेव्हा पाच आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग एवढाच परिवार होता. पुढच्या तीन दशकांत तीच तंत्रे रुग्णालयांत आणि अणुवीज केंद्रांत गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलमच्या संदर्भात अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले की त्यांच्या यंत्रणेत घातक प्रणाली सापडली होती. बाधित संगणक इंटरनेटशी जोडलेल्या प्रशासकीय जालातला होता, आणि महत्त्वाचे अंतर्गत जाल त्यापासून विलग आहे, असे निवेदनात म्हटले होते. तिथे सारा युक्तिवाद त्या विलगपणावर उभा होता.

एम्समध्ये ई-हॉस्पिटलची सर्व माहिती अखेर परत मिळाली. हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ती काढून नव्या सर्व्हरांवर भरण्यात आली.