‘प्रॉफिट’चा अर्थसंकोच : इंग्रजीतील लाभवाचक शब्दांची वाटणी

इंग्रजीतील ‘गेन’, ‘बेनिफिट’, ‘ॲडव्हान्टेज’ आणि ‘प्रॉफिट’ हे चारही शब्द फ्रेंचच्या द्वारे आले. त्यांची कुळे मात्र भिन्न आहेत. ‘गेन’चे मूळ जर्मानिक असून त्यात शिकार, चारा शोधणे असे अर्थ होते. ‘बेनिफिट’ लॅटिनमधील ‘सत्कृत्य’वाचक शब्दापासून आला, त्यात देणारा गृहीत असतो. ‘ॲडव्हान्टेज’मध्ये पुढे असण्याची कल्पना आहे. (त्यातील ‘ड’ हे चुकीच्या व्युत्पत्तीचे अपत्य!)

‘प्रॉफिट’चा इतिहास अधिक उद्बोधक आहे. लॅटिनमध्ये त्याचा मूळ आशय प्रगती असा. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात सारे जग मिळवणे आणि आत्मा गमावणे यांची तुलना येते. तेथे जग मिळवण्यासाठी ‘गेन’ आणि त्यातून माणसाचे खरे हित काय, या प्रश्नासाठी ‘प्रॉफिट’ हे क्रियापद योजले आहे. आजच्या कानाला ही योजना उलटी वाटण्याचा संभव आहे; कारण मधल्या काळात ‘प्रॉफिट’ हिशेबाच्या वहीत जाऊन बसले. 1776 मध्ये ॲडम स्मिथने मजुरी आणि खंड यांच्या जोडीला भांडवलावरील उत्पन्न म्हणून त्याची मांडणी केली. 1789 मध्ये बेंथमने उपयुक्ततेची व्याख्या करताना ‘बेनिफिट’, ‘ॲडव्हान्टेज’, सुख इत्यादी शब्द प्रस्तुत संदर्भात एकच मानले. त्या यादीत ‘प्रॉफिट’ नाही.

अर्थच्छटांचे भान ठेवणारी पर्यायकोशांची परंपराही याच सुमाराची : हेस्टर पिओझी (1794), जॉर्ज क्रॅब (1816). रॉजेटने 1852 मध्ये शब्द एकत्र बसवले, पण त्यांतील भेद सांगण्याचे काम वाचकावर सोपवले.

मराठीतील ‘नफा’ या शब्दाची वाटचाल याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. अरबीत त्याचे मूळ सर्वसाधारण हिताचे वाचक. मराठीत तो तोट्याचा जोडीदार झाला. ‘फायदा’ही अरबीच, तरी त्याचा वावर व्यापक राहिला. संस्कृत ‘लाभ’ मात्र व्यापाऱ्याच्या वहीवरही शोभतो आणि दर्शनालाही चालतो. त्यामुळे मार्कच्या त्या प्रश्नात ‘नफा’ घातला, तर आत्म्याचाही ताळेबंद मांडल्यासारखे होईल. ‘लाभ’ घेतला, तर 1611 मधील ‘प्रॉफिट’ची व्याप्ती बरीचशी हाती लागते. शासकीय मराठीतील ‘लाभार्थी’ हा शब्द मात्र ‘बेनिफिट’च्या बाजूचा आहे : तेथे देणारा पुन्हा उभा राहतो.