कडी आणि पत्रा

सिनेमातला नाइट दोनच प्रकारचा असतो. एक तर कड्यांचा झगा घातलेला, नाहीतर डोक्यापासून टाचेपर्यंत चकचकीत पोलादात. प्रत्यक्षात या दोन चित्रांच्या मध्ये जवळपास दीडशे वर्षं आहेत. साधारण १२५० ते १४०० या काळात युरोपातले नाइट कडी आणि पत्रा दोन्ही एकावर एक घालत होते.

कड्यांचं चिलखत म्हणजे हजारो लोखंडी कड्या. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतवलेली, टोकं रिव्हेटनं पक्की केलेली. तलवारीचा वार त्यावर सहसा अडतो. शिवाय ते कापडासारखं वळतं, त्यामुळे हात उचलता येतो, खोगिरावर बसता येतं. पण गदेचा दणका एकही कडी न तुटता थेट हाडापर्यंत पोचतो. म्हणून आत रजईसारखा शिवलेला जाड अंगरखा लागायचा. भाल्याचं टोक किंवा क्रॉसबोचा बाण नेमका बसला, तर कड्याच फाटायच्या.

मग सरळ पत्राच का नाही? कारण पत्रा वळत नाही. चालू सिस्टिम बंद न करता तिचा एकेक भाग बदलावा, तसं इथे झालं. आधी गुडघ्यावर वाटी आली, मग कोपर, मग नडगी. जिथे हाड कातडीला लागून असतं अशा जागा. छातीसाठी कापडाच्या किंवा चामड्याच्या आतून पत्रे ठोकलेला अंगरखा आला. तो कड्यांच्या वरून घालायचा.

१३६१ साली गॉटलंड बेटावरच्या विस्बी गावाबाहेर डॅनिश राजा वाल्देमारच्या सैन्यानं स्थानिक शेतकऱ्यांची कत्तल केली. चिलखत महाग, एरवी ते प्रेतावरून काढून घेत. इथे मात्र कित्येकांना ते अंगावर असतानाच सामूहिक खड्ड्यांत पुरलं गेलं. विसाव्या शतकातल्या उत्खननात हजाराहून जास्त माणसांचे अवशेष निघाले. काही कवट्यांवर कड्यांची टोपी अजून होती, काहींच्या छातीवर ते पत्रे ठोकलेले अंगरखे. आणि पायांच्या हाडांवर घावच घाव.

नडगीवर पत्रा हवा, हे तोवर नाइट लोकांना चांगलं ठाऊक होतं. इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, 'ब्लॅक प्रिन्स', १३७६ मध्ये वारला. कँटरबरी कॅथीड्रलमधल्या त्याच्या पुतळ्यात हातपाय पूर्ण पत्र्यात आहेत. शिरस्त्राणापासून खांद्यांपर्यंत मात्र कड्यांची झालर लोंबते, कारण मान वळायला हवी.

पंधराव्या शतकात अख्खा पत्र्याचा पोशाख आला, साधारण २० ते २५ किलोंचा. पण वजन अंगभर वाटलेलं, त्यामुळे त्यात पळताही यायचं. तरीही कड्या गेल्या नाहीत. काख, कोपराची आतली बाजू, जांघ. जिथे शरीर दुमडतं तिथे आतल्या अंगरख्यावर त्यांचे तुकडे शिवलेले असत. शत्रूचा खंजीरही नेमक्या त्याच जागा शोधायचा.