चालते दप्तर आणि एकबेरीज

श्रोतेहो, आपल्या सोलापूरकडच्या ज्वारीच्या घरातली जुनी रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आजच्या भाकरीचे पीठ डब्यात, दोन-चार महिन्यांची ज्वारी कणगीत, आणि पुढच्या सालाची बेगमी पेवात. ओंजळभर दाण्यासाठी रोज पेव कोण उघडील? कागदाचेही तसेच आहे, आणि हे पेशव्यांच्या हुजूर दप्तराने नेमके ओळखले होते.

पुण्याच्या त्या दप्तरात सुमारे २०० कारकून असत. त्याचे दोन मुख्य भाग होते. चालते दप्तर थेट फडणिसांच्या हाताखाली. सनदा, हुकूम, रोजकीर्द हे रोजचे काम तेथे चाले. एकबेरीज दप्तर मात्र पुणे सोडीत नसे. सगळे हिशेब अखेर तेथे जमा होत, तारीखवार लागत, त्यांचे ताळेबंद आणि खतावण्या होत. रोजकीर्द लिहायची तारखेने, खतावणी लावायची खात्याने. त्यामुळे एका बाबीसाठी सारे साल चाळावे लागत नसे.

नाना फडणिसांच्या काळी ही घडी चोख होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ती विसकटली. कारकून गेले, आणि कागद कोणीही न्यावेत अशी दशा झाली. १८१८ मध्ये राज्य गेले. पुढे १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी झाली, तेव्हा घरची सनद वाळवीने खाल्लेल्या माणसाला दप्तरातल्या नोंदीचाच आधार उरला. नोंद सापडली नाही, तर पिढ्यांची जमीन जायची वेळ! पुण्यात त्या दप्तरासाठी १८९१ मध्ये दगडी इमारत उभी राहिली. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले, तेव्हा तेथे सुमारे ३५ हजार रुमाल होते.

आज सातबारा संगणकावर आहे, पण कोडे तेच आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये एक दांडी पुढेमागे सरकून नोंद शोधते. नोंदी विखुरलेल्या असल्या की सगळा वेळ सरकण्यातच जातो. एसएसडीत हलणारा भाग नाही. ती फार जलद, पण तेवढ्याच जागेला महाग. म्हणून जाणते लोक रोज लागणाऱ्या नोंदी आणि त्यांची सूची, म्हणजे खतावणी, एसएसडीवर ठेवतात. जुने साल स्वस्त डिस्कवर. रोजकीर्दीसारखी क्रमाने वाढणारी नोंदवही शक्यतो वेगळ्या डिस्कवर, म्हणजे लिहिणाऱ्याला शोधणाऱ्याचा अडथळा नको. आणि सगळ्याची एक नक्कल दुसऱ्या गावी.

गुरुजी, तुमच्या शाळेचे जनरल रजिस्टर हेही एक दप्तरच आहे. यंदाची हजेरी टेबलावर असू द्या, जुनी रजिस्टरे जमिनीपासून उंच, कोरड्या कपाटात ठेवा, आणि कोणते साल कोठे आहे याची यादी दाराला लावा. चाळीस वर्षांनी कोणी जन्मतारखेचा दाखला मागायला येईल. ते पान हाती लागते की नाही, यावर त्याचे काम अवलंबून असेल.