वाक्प्रचारामागील गोष्ट

परभाषा शिकणाऱ्यास शब्दाचा अर्थ कोशांत सांपडतो. वाक्प्रचाराचा अर्थ मात्र पुष्कळदां एखाद्या गोष्टींत दडलेला असतो. चिनी भाषेंत तर हें पदोपदीं दिसतें. तिच्यांतील चार-अक्षरी म्हणींपैकीं कित्येक म्हणजे जुन्या कथांचा उरलेला अर्कच होय. वाघाला आपल्या मागें चालवून, वाटेंतलीं जनावरें आपल्यालाच भिऊन पळतात असें त्याला भासविणारा कोल्हा एका प्राचीन राजनीतिग्रंथांत आहे. त्याची कथा पुढें आटत आटत "कोल्हा वाघाचा दरारा उसना घेतो" एवढ्या चार अक्षरांवर आली. गोष्ट ठाऊक नसलेल्या परकीयास तीं चार अक्षरें केवळ कोडें वाटावयाचीं.

ही अडचण रॉबर्ट थॉम या ब्रिटिश गृहस्थानें ओळखली होती. १८४० मध्यें त्यानें इसापाच्या गोष्टी चिनी भाषेंत छापल्या; जोडीला इंग्रजी मजकूर आणि चिनी उच्चारही दिले. हेतु इंग्रजांस चिनी शिकविण्याचा. परंतु असें पुस्तक दोन्ही काठांवरून उतरतां येईल अशा पुलासारखें असतें. इसापास त्यानें चिनी पेहराव चढविला, इतका कीं पहिलीच गोष्ट पान्गू या त्यांच्या आदिपुरुषाच्या काळीं, पशुपक्षी बोलत असत तेव्हांची म्हणून सुरू होते.

मुंबईस हें काम बारा वर्षें आधीं झालें होतें. त्याहीपूर्वीं, शतकाच्या पहिल्याच दशकांत, तंजावरास सरफोजीराजांनीं इसापाच्या गोष्टी मराठींत छापविल्या होत्या. पण त्या दूरदेशीं राहिल्या. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची 'इसपनीतिकथा' १८२८ मध्यें निघाली आणि ती शाळांत गेली. याच छत्र्यांच्या हाताखालीं, त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील (आजच्या सिंधुदुर्गांतील) पोंभुर्ले गांवचा एक मुलगा मुंबईस इंग्रजी शिकला. बाळशास्त्री जांभेकर ते हेच. पुढें ६ जानेवारी १८३२ रोजीं त्यांनीं 'दर्पण' काढलें, तें एका रकान्यांत इंग्रजी व शेजारच्या रकान्यांत मराठी असें. थॉमनें जें पुढें केलें, त्याचीच ही वर्तमानपत्री आवृत्ति म्हणावयास हरकत नाहीं. योगायोग असा कीं दोघेही १८४६ मध्येंच वारले.

गोष्टीच्या हाताला धरून आलेले वाक्प्रचार मराठींत कसे रुजले हें पाहण्यासारखें आहे. रत्नागिरीच्या जांभ्या जमिनींत द्राक्षांचे मळे कोणीं पाहिले? तरी "कोल्ह्याला द्राक्षें आंबट" हें तेथील आजीबाईही सहज बोलून जाते, आणि हा कोल्हा परदेशचा अशी शंकाही कोणास येत नाहीं. "लांडगा आला रे आला" याचीही तीच कथा. सोन्याचीं अंडीं घालणारें पाखरूं इंग्रजींत हंसजातीचें. आमच्याकडे येतांना त्याची कोंबडी झाली, आणि झाली तें बरेंच झालें, कारण सरस्वतीच्या वाहनाचें पोट फाडणें कोणास रुचलें नसतें! गंमत अशी कीं सोन्याच्या पिसांचा हंस आणि त्याचीं पिसें एकदम उपटून घेणारी लोभी बायको बौद्धांच्या जातककथांत होतीच. पण आपलीच ही वस्तु आपल्या घरांत राहिली नव्हती.

जे वाक्प्रचार गोष्टीवांचून, नुसते वर्तमानपत्री भाषांतरांतून आले, त्यांची दशा निराळी. "सिंहाचा वाटा" हाच घ्या. गोष्टींतला सिंह सोबत्यांनीं मिळविलेल्या शिकारीचे सारे वांटे, एकामागून एक कारण सांगत, आपल्याकडेच ओढतो. इंग्रजींत त्याचा अर्थ "सर्वांत मोठा भाग" एवढा मवाळ झाला, आणि मराठींत तर तो उलटाच फिरला. अमक्या संस्थेच्या उभारणींत तमक्यांचा सिंहाचा वाटा, असें आम्ही सत्कारसभेंत मोठ्या आदरानें म्हणतों. घेणाऱ्याचा देणारा झाला! सत्कारमूर्तीनें इसाप वाचलेला नसतो हें त्यांतल्या त्यांत सुदैव.

"नक्राश्रू" त्याहून फसवा. संस्कृत वेषामुळें तो कालिदासाच्या काळचा वाटतो. वस्तुतः तो इंग्रजीवरून घडलेला आहे. माणसास खातांना मगर रडते अशी समजूत चौदाव्या शतकांतील मँडेव्हिलच्या प्रवासवर्णनांत आढळते. इंग्रजी वाक्प्रचाराच्या पाठीशीं ती आहे. ती मागेंच राहिली आणि शब्द तेवढा आला. चिपळूणच्या मुलास वाशिष्ठींत खऱ्या मगरी पहावयास मिळतात. रडणारी मात्र त्याला पाठ्यपुस्तकांतल्या यादींतच भेटते, आणि तो तिचा अर्थ घोकून परीक्षेस बसतो. इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्याही त्याच्याकडून अशाच पाठ करून घेतात. दोन गुणांपुरत्या त्या टिकतात.

त्याच मुलाच्या घरीं पंचतंत्रांतला मगर असतो. बायकोच्या हट्टापायीं मित्र वानराचें काळीज आणावयास निघालेला, आणि "तें तर जांभळीवरच राहिलें" हें ऐकून मुकाट्यानें परत फिरणारा. मित्रास पाठीवर घेऊन जातांना हा मगर मनांतून खरोखर कष्टी झालेला होता. शिक्षकानें मँडेव्हिलची मगर आणि हा मगर एका तासास शेजारीं बसविले, तर 'नक्राश्रू' आणि त्याचा इंग्रजी मूळ शब्द दोन्ही त्या मुलास एका बैठकींत कळतील, आणि घरीं जाऊन आजीला विचारण्यासारखा एक प्रश्नही त्याच्याजवळ उरेल.