दुपदरी विणकाम : प्रस्तावना

ब्रिटनमधल्या लोकरीच्या दुकानात 'डबल निटिंग' मागितले, की एका ठरावीक जाडीचा गुंडा समोर येतो. तेच दोन शब्द विणकामाच्या वर्गात उच्चारले, तर दोन सुयांवर एकाच वेळी दोन पदर विणायची रीत शिकवली जाते. नाव सोडले तर या दोघांचे एकमेकांशी फारसे नाते नाही. लोकरीला आता बहुतेक ठिकाणी 'डीके' म्हणतात, त्यामुळे गोंधळ थोडा कमी झाला आहे. तरी या पुस्तकात मी दोन्ही विषय घेतले आहेत. लोकरीच्या जाडीचा हिशेब न कळता जो दुपदरी विणायला बसतो, त्याच्या हातून देखणी, पण अंगात न घालता येणारी वस्तू तयार होते.

आधी लोकर. ब्रिटिश पद्धतीत 4 प्लायनंतरची जाडी डीकेची, तिच्यापुढे अरान आणि मग चंकी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये डीकेलाच 8 प्लाय म्हणतात. प्लायचा आकडा मुळात धाग्यात किती पेड आहेत ते सांगणारा. आज तो निव्वळ जाडीची खूण म्हणून उरला आहे आणि दोन पेडी धागाही 8 प्लाय म्हणून विकला जातो. म्हणून पेड मोजण्यात वेळ घालवू नये. टाके मोजावेत. 4 मिलिमीटरच्या सुयांवर साध्या विणीत 10 सेंटिमीटरला साधारण 22 टाके आणि 28 ओळी बसल्या, तर ती डीके. अमेरिकेतील क्राफ्ट यार्न कौन्सिलच्या वर्गवारीत ही लोकर 3 क्रमांकाची. तिथे 4 इंचांना 21 ते 24 टाके धरले आहेत.

हे आकडे रुक्ष वाटतील, पण छातीचा घेर 100 सेंटिमीटर धरून 220 टाके घातले आणि हात सैल असल्यामुळे 10 सेंटिमीटरला 22 ऐवजी 20 टाके बसले, तर स्वेटर 110 सेंटिमीटरचा होतो. नमुन्याचा तुकडा विणायचा कंटाळा किती महाग पडतो, ते यावरून कळावे. सुयांच्या क्रमांकातही एक खोच आहे. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर कोरलेले आकडे ब्रिटिश पद्धतीचे असतात, म्हणजे सुई जितकी बारीक तितका आकडा मोठा. त्यांतली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी, आणि तिथली 8 नंबरची 5 मिलिमीटरची. परदेशी नमुना हाती घेताना आधी मिलिमीटर पाहावेत.

आता रीत. सुलट आणि उलट हे दोन वेगळे टाके आहेत असे आपण शिकतो. खरे तर फास एकच. समोरून पाहिला तर सुलट, मागून पाहिला तर उलट. दुपदरी विणकामाची सगळी इमारत एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे. सुईवर टाके दुप्पट असतात, एक पुढच्या पदराचा, एक मागच्या पदराचा, असे आलटून पालटून. दोन्ही धागे मागे ठेवून पुढचा टाका एका रंगाने सुलट विणायचा, मग दोन्ही धागे पुढे आणून मागचा टाका दुसऱ्या रंगाने उलट विणायचा. मागच्या पदराची चांगली बाजू पलीकडे तोंड करून असते, म्हणून आपल्या बाजूने तो उलट विणावा लागतो. दोन्ही धागे एकत्र पुढे-मागे नेणे महत्त्वाचे. एकच नेला, तर राहिलेला धागा कापडाच्या दर्शनी बाजूवर आडवा पडतो आणि नजरेला खुपतो.

असे विणले, की दोन्ही पदरांच्या उलट बाजू आत एकमेकींकडे तोंड करून राहतात आणि बाहेर दोन्हीकडे सुलट वीण दिसते. पैठणीचे काठही दोन्ही अंगांनी सारखे दिसतात, पण तिथे हातमागावर एकाच पदरात रंगीत बाणे एकमेकांत गुंतवलेले असतात. इथे उलट बाजू नाहीशी होत नाही, आत झाकली जाते. पुढच्या टाक्याचा आणि मागच्या टाक्याचा रंग अदलाबदल केला, की त्या जागी पदर एकमेकांना धरतात. म्हणजे नक्षी नुसती शोभेची नसते, तीच कापडाला बांधून ठेवते. नक्षीतल्या मोठ्या कोऱ्या जागेत पदर सुटे राहून तिथे फुगवटा येतो. साध्या विणीच्या कडा गुंडाळल्या जातात हे प्रत्येक विणणाऱ्याचे दुखणे. दुपदरीत मात्र दोन पदरांचे विरुद्ध ओढे एकमेकांना आवरतात आणि तुकडा सपाट राहतो.

एका धाग्यानेही दोन पदर होतात. सम संख्येत टाके घालून एक टाका सुलट विणायचा, लोकर पुढे घेऊन पुढचा न विणता नुसता उचलायचा, आणि ओळ उलटून पुन्हा तेच. दोन ओळींत नळीचा एक वेढा पुरा होतो. काही ओळींनंतर टाके दोन सुयांवर वेगळे केले, तर मधून पिशवी उघडते. नवख्यांनी हे आधी करून पाहावे.

या पिशवीचे सर्वांत प्रसिद्ध रूप साहित्यात सापडते. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'च्या उपसंहारात, 1820 च्या हिवाळ्यातल्या प्रसंगात, आन्ना माकारोव्ना ही म्हातारी दाई एकाच सुयांवर दोन मोजे एकदम विणते आणि पुरे झाल्यावर मुलांसमोर एकातून दुसरा ओढून काढते. कादंबरीत ते तिचे गुपित आहे. तंत्राच्या दृष्टीने अट एकच: दोन पदरांचे धागे कुठेही एकमेकांत अडकता कामा नयेत. एक टाका चुकीच्या धाग्याने विणला गेला, तरी मोजे एकमेकांना शिवल्यासारखे होतात. म्हणजे नक्षीच्या दुपदरीत जे मुद्दाम घडवायचे, तेच इथे कटाक्षाने टाळायचे. टॉलस्टॉयने ही रीत कुठेतरी बारकाईने पाहिली असणार, असे मला नेहमी वाटते.

या विषयावरचे लेखन थोडे आहे आणि बहुतेक इंग्रजीत. बेव्हर्ली रॉइस यांचे टिपणवजा पुस्तक, दुरंगी नक्षीसाठी एम्लू बेबर यांचे 2008 चे पुस्तक आणि अलास्डेअर पोस्ट-क्विन यांचे 2011 चे, एवढी तीन अभ्यासूंनी मिळवावीत. रिचर्ड रट या बिशपांचा 1987 चा हातविणकामाचा इतिहास पार्श्वभूमीसाठी वाचावा. यंत्रावरचे 'डबल निट' कापड हे वेगळे घराणे. विल्यम लीच्या 1589 च्या चौकटीला अठराव्या शतकात जेडेडाया स्ट्रटने सुयांचा दुसरा संच जोडला, तिथून ते सुरू होते. त्याचा विचार इथे केलेला नाही.

पोस्ट-क्विन यांनी पुढे दोन बाजूंना दोन वेगळ्या नक्ष्या विणण्याचा प्रश्नही हाती घेतला. त्याचे मोल मराठी माणसाला अक्षरे विणताना कळते. साध्या दुपदरीत मागची नक्षी आरशातल्यासारखी उमटते. शिरोरेषेला फरक पडत नाही, पण 'आई' विणले तर मागून वाचता येत नाही. दोन्हीकडून वाचता यावे तर काही जागी दोन्ही पदर एकाच रंगाचे येतात आणि दुसरा धागा त्यांच्या मधे दडवावा लागतो. नवव्या प्रकरणात हे सविस्तर आहे. तिथे घाईने जाऊ नये.

राहिला प्रश्न काय विणावे हा. दुपदरीला लोकर दुप्पट लागते आणि टाके सैल पडतात, म्हणून सुई एक-दोन क्रमांक बारीक घ्यावी. शिकण्यासाठी डीके उत्तम, टाके डोळ्यांना नीट दिसतात. टोपी, गळपट्टा, बाळाचे पांघरूणही तिच्यात छान होते. स्वेटर मात्र 4 प्लायमध्येच विणावा. पुण्या-नाशिकच्या थंडीला डीकेचा एकपदरी स्वेटरच पुष्कळ होतो, दुपदरी अंगावर ओझे होईल. गरम भांडी धरायची फडकी विणणार असाल तर अस्सल लोकर घ्या. बाजारात लोकर म्हणून मिळणारे ॲक्रिलिक तव्याला लागले की वितळते.

या पुस्तकातल्या आराखड्यांत एक चौकोन म्हणजे दोन टाके: दिसतो तो पुढचा आणि विरुद्ध रंगाचा मागचा. वीस चौकोनांच्या नक्षीला सुईवर चाळीस टाके घालावेत. टाके कमी करायच्या जागी आधी क्रम बदलून एकाच पदराचे दोन टाके शेजारी आणावे लागतात, म्हणून तिथे वेगळी खूण केली आहे. पहिला तुकडा गडद आणि फिक्या अशा दोन रंगांत विणावा. जवळच्या छटा घेतल्या, तर कुठला टाका कुठल्या पदराचा हे सायंकाळच्या उजेडात कळत नाही.